जुन्या मोटारीला नवा अल्टरनेटर



आज आम्ही तुमच्याशी मोटारीच्या विजेबद्दल बोलणार आहोत. आम्ही म्हणजे वाशीम जिल्ह्यात जुन्या गाड्या दुरुस्त करणारी माणसं. हातात पाना आणि अंगावर ऑइलचे डाग. भाषणाची आम्हांला सवय नाही. पण वर्गाच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही जे काम करता तेच सांगा." तर तेच सांगतो.

एका रात्रीची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पावसाळ्याचे दिवस होते. मानोरा तालुक्यातल्या एका गावात रात्री एका सुनेला कळा सुरू झाल्या. गावात एक जुनी अॅम्बॅसेडर होती. मालकाने लगेच गाडी काढून दिली. मागे सून, सासू आणि आशाताई बसल्या. पुढे नवरा आणि ड्रायव्हर. गाडी मंगरूळपीरच्या रस्त्याला लागली.

पाऊस जोराचा होता. दिवे चालू होते, काचेवरचा वायपर चालू होता. थोड्या वेळाने दिवे पिवळे पडले. मग तांबडे झाले. वायपर अर्ध्यातच अडू लागला. शेवटी इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. पुढे अंधार, मागे अंधार. गाडीत बाई विव्हळते आहे. काय करावं कोणाला सुचेना.

नशिबाने मागून एक ट्रक आला. त्याने सगळ्यांना दवाखान्यात पोचवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण दर वेळी मागून ट्रक येतोच असं नाही, मंडळी.

दुसऱ्या दिवशी ती गाडी ओढत आमच्याकडे आणली. ड्रायव्हर म्हणाला, "तो लाल दिवा तीन दिवसांपासून पेटत होता. पण गाडी चालत होती, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही."

तो लाल दिवा तीन दिवस एकच गोष्ट सांगत होता. बॅटरीत वीज भरत नाही!

विजेचा जमाखर्च

बॅटरी म्हणजे घरातली धान्याची कणगी समजा. रोज खाल्लं आणि भर घातली नाही, तर कणगी रिकामी होणारच.

खर्च किती होतो ते पाहू. पुढचे दोन मोठे दिवे प्रत्येकी ४५ वॅटचे धरा. दोन्ही मिळून ९०. बॅटरी १२ व्होल्टची. ९० भागिले १२, म्हणजे साडेसात अँपिअर. त्यात मागचे दिवे, वायपर आणि इंजिनातली ठिणगी मिळवा. खर्च जातो १५ अँपिअरच्या घरात. बॅटरीत ३० अँपिअर-तासांची शिल्लक असेल, तर ३० भागिले १५. म्हणजे जेमतेम दोन तास! आणि त्याच्या आधीच दिवे मंद होतात.

ही भर घालण्याचं काम जुन्या गाडीत डायनामो करतो. नव्या धर्तीच्या गाडीत अल्टरनेटर करतो. दोघांनाही इंजिन पट्ट्याने फिरवतं.

लोखंडाच्या मुलाचा शोध नव्हे, लोहाराच्या मुलाचा

तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेत वीज निर्माण होते. ही गोष्ट मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली इंग्लंडात दाखवून दिली. फॅरेडे लोहाराचा मुलगा. शाळा थोडीच झाली होती. पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात तो उमेदवारी करी. बांधायला आलेली पुस्तकं वाचता वाचता तो शिकला. आपल्या वर्गातल्यांनी हे लक्षात ठेवावं.

डायनामो त्याच शोधावर चालतो. पण त्याच्यात एक उणेपण आहे. गाडी जोरात पळाली तरच तो नीट वीज देतो. जुन्या अॅम्बॅसेडरसारख्या गाडीचा डायनामो पूर्ण वेगात साधारण २० ते २२ अँपिअर देतो. खड्ड्यांच्या रस्त्याने हळू चाललात, तर जवळजवळ काहीच देत नाही.

अल्टरनेटर हळू फिरतानाही वीज देतो. लहानसा अल्टरनेटरसुद्धा ३५ ते ४५ अँपिअर देतो. त्याच्या पोटात डायोड असतात. विहिरीतल्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. डायोड तसाच. तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. शिवाय आत रेग्युलेटर असतो. टाकी भरली की नळ बंद करणारा गोळा असतो ना, तसा हा. बॅटरी भरली की तो भरणा कमी करतो.

आमची चूक

त्या अॅम्बॅसेडरला अल्टरनेटर बसवायचं ठरलं. आम्ही उत्साहात होतो. भराभर बोल्ट आवळले, तारा जोडल्या आणि बॅटरीची तार टेकवली. चर्र असा आवाज झाला, धूर निघाला. नवा कोरा अल्टरनेटर जळाला!

चूक आमचीच होती. इंग्लंडच्या धाटणीच्या काही जुन्या गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं असे. आजच्या गाड्यांत उणे टोक अंगाला असतं. आमच्या अल्टरनेटरलाही उणेच हवं होतं. बॅटरीवर अधिक-उण्याची खूण होती. अल्टरनेटरवरही होती. आम्ही दोन्ही वाचल्या नाहीत. एक आडवी रेघ आणि एक फुली. पहिलीचं पोर वाचील एवढंच. दुसरा अल्टरनेटर आम्ही आमच्या पदरच्या पैशांनी आणला.

काम कसं करावं

आता नीट ऐका.

पहिलं: हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. धातू बॅटरीच्या दोन टोकांत अडकला तर तापून बोट भाजतो. बॅटरीजवळ विडी पेटवू नका.

दुसरं: बॅटरीची अंगाला जोडलेली तार आधी काढा. जोडताना ती सर्वांत शेवटी जोडा.

तिसरं: तारा सोडवण्याआधी प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधा. 'दिव्यांकडे', 'बॅटरीकडे', 'लाल दिव्याकडे' असं लिहा. ज्याला लिहिता येतं त्याची तार चुकत नाही.

चौथं: डायनामो काढून अल्टरनेटर बसवा. दोन्ही पुल्या एका रेषेत हव्यात, नाहीतर पट्टा कुरतडला जातो. पट्टा ताणून मध्यभागी अंगठ्याने दाबा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक. फार सैल असला तर घसरतो, फार घट्ट असला तर बेअरिंग खातो.

पाचवं: डायनामोचा जुना कटआउटचा डबा आता नको. डायनामोकडून त्याच्याकडे जाणाऱ्या दोन तारा काढून टाका. पण त्याच डब्यातून दिव्यांना आणि इंजिनाला वीज जाते. त्या तारा बॅटरीच्या तारेशी एकत्र पक्क्या जोडा आणि वर टेप गुंडाळा.

सहावं: अल्टरनेटरच्या जाड स्क्रूवर 'बी' आणि अधिकची खूण असते. तिथून जाड तार थेट बॅटरीच्या अधिक टोकाला न्या. ४५ अँपिअरच्या अल्टरनेटरला १० चौरस मिलिमीटरची तांब्याची तार बरी. बॅटरीजवळ ६० अँपिअरचा फ्यूज घाला. जुनी बारीक तार वापरू नका. ती तापते आणि गाडीला आग लागते. समोरचा जुना अँपिअर-मीटरही एवढी वीज सोसत नाही. त्याला या वाटेत ठेवू नका.

सातवं: बारीक टोकावर 'एल' किंवा 'डी' आणि अधिक अशी खूण असते. ते लाल दिव्यातून किल्लीच्या स्विचला जोडा. या दिव्यातून जाणाऱ्या थोड्या विजेवर अल्टरनेटर जागा होतो. दिवा उडालेला असला, तर चांगला अल्टरनेटरही झोपून राहू शकतो.

गाडीत अधिक टोक अंगाला असेल, तर बॅटरी फिरवून उणे टोक अंगाला घ्या. इग्निशन कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करा. हे सगळं झाल्यावरच अल्टरनेटर जोडा.

तपासणी

किल्ली फिरवली की लाल दिवा पेटला पाहिजे. इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. इंजिन बंद असताना मीटरवर भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या जरा वर दाखवते. इंजिन चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदा यावेत. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरी उकळेल. तेरापर्यंतही आले नाहीत, तर पट्टा, दिवा आणि जोड तपासा.

दोन गोष्टी कधीच करू नका. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नका. आणि गाडीला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची आणि अल्टरनेटरची तार सोडवा. दोन्ही वेळा डायोड जळतात.

ती अॅम्बॅसेडर अजून चालते. अॅम्बॅसेडरचं उत्पादन २०१४ साली बंद झालं, पण आपल्याकडे जुनी वस्तू कोणी सहज टाकत नाही. अडल्या-नडल्याला आता १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे. आधी तिलाच फोन करावा. पण गावातली गाडीही तयार असावी.

तो ड्रायव्हर आता याच वर्गात येऊन बसतो. रोज गाडी काढण्याआधी तो लाल दिवा पाहतो आणि एका वहीत मीटरचा आकडा मांडून ठेवतो. त्याचं अक्षर अजून वाकडं आहे. पण काल आम्ही ती वही पाहिली. एकही दिवस चुकलेला नव्हता.

राम राम, मंडळी.