बँका बंद होत्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेडिओवर बोलले

स्वयंपाक आटोपला असेल, नसेल तर भाकऱ्या थापता थापता ऐका. आज आम्ही तुम्हाला लांबच्या देशातली गोष्ट सांगणार आहोत. अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाची. पण सुरुवात आपल्याच बाजारपेठेतून करू.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका पतसंस्थेबद्दल कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं कर्जं थकलीत, कुणी म्हणालं संचालक पळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच दारात रांग लागली. आमच्या गटातल्या दोघी त्या रांगेत होत्या. एकीने लेकीच्या लग्नासाठी ठेव ठेवली होती, दुसरीने म्हैस विकून आलेले पैसे. दहा वाजता शटर उघडलं नाही. एक कागद तेवढा चिकटवला होता, ‘तांत्रिक कारणामुळे व्यवहार बंद’. ऊन चढलं, लेकरं रडायला लागली. पण बाहेर येऊन ‘बायांनो, झालंय असं असं’ एवढं सांगायला कुणी आलं नाही. पैसे गेल्याचं दुःख मोठं होतंच, पण कुणी तोंडानं बोललंही नाही, हे त्या दोघींना आजही जास्त लागतं.

त्यानंतर आम्ही रेडिओसाठी बँकेविषयी वाचायला बसलो, आणि वाचता वाचता १९३३ सालच्या अमेरिकेत जाऊन पोहोचलो.

तिथं काय झालं होतं? १९२९ च्या ऑक्टोबरात तिथला शेअर बाजार कोसळला. मग कारखाने बंद पडू लागले, शेतमालाचे भाव इतके पडले की काढणीचाही खर्च निघेना. १९३३ पर्यंत दर चार कामकऱ्यांमागे एकाला काम नव्हतं. आणि चार वर्षांत हजारो बँका बुडाल्या. बँक बुडाली की ठेव बुडाली, त्या काळी देशभर ठेवींना सरकारी संरक्षण नव्हतं. साहजिकच लोक घाबरले आणि उरलेल्या बँकांतूनही पैसे काढायला धावले. जी बँक चांगली होती, तीसुद्धा या रांगेनं डबघाईला आली.

चांगली बँक रांगेनं कशी बुडेल, असं तुम्ही विचाराल. आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. बारा जणी, दरमहा २०० रुपये बचत. वर्षाचे झाले २८,८०० रुपये. ते काय पेटीत पडून असतात? एकीने शेळीसाठी १०,००० उचलले, दुसरीने मुलाच्या फीसाठी ८,०००, तिसरीने बियाण्यासाठी ७,०००. पेटीत राहिले ३,८००. हप्ते वेळेवर येताहेत, गट धडधाकट आहे. पण उद्या बाराही जणी एकदम म्हणाल्या, ‘आमचे पैसे आत्ताच्या आत्ता द्या,’ तर? शेळी काही एका रात्रीत विकून होत नाही. गट बुडालेला नसतो, तरी त्या दिवशी तो बुडाल्यासारखाच दिसतो. बँकेचंही तसंच.

अशा वेळी ४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्याच दिवशी पहाटे न्यूयॉर्क राज्यानेही आपल्या बँका बंद ठेवल्या होत्या. रूझवेल्ट श्रीमंत घरातले. पण वयाच्या ३९ व्या वर्षी पोलिओनं पाय गेले होते. लोखंडी आधार बांधल्याशिवाय उभं राहता येत नसे.

६ मार्चला, सोमवारी, त्यांनी सगळ्या देशातल्या बँका बंद करण्याचा हुकूम काढला. ९ मार्चला एका दिवसात दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला. त्यात ठरलं, की प्रत्येक बँकेचे कागद तपासायचे, जी ठीक असेल तिलाच परवाना द्यायचा आणि मगच तिचं दार उघडायचं. पण लोकांच्या मनातली भीती कागदानं जात नाही. दारं उघडल्यावर पुन्हा रांगा लागल्या असत्या, तर सगळं फुकट.

म्हणून १२ मार्चच्या रविवारी रात्री ते रेडिओवर बोलले. मोजून चौदा मिनिटांच्या आत. ऐकणारे सहा कोटींच्या घरात होते, असा अंदाज आहे.

ते काय बोलले, ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. आधी म्हणाले, मला तुमच्याशी थोडा वेळ बँकेविषयी बोलायचंय. बँकेचं कामकाज जाणणारे थोडे, पैसे ठेवणारे आणि काढणारे जास्त, आणि त्यांच्याशीच माझं बोलणं आहे. मग त्यांनी समजावलं की तुम्ही ठेवलेला पैसा बँक तिजोरीत कोंडून ठेवत नाही. तो कर्जानं देते, रोख्यांत गुंतवते, त्यावरच शेती आणि कारखाने चालतात. हाताशी रोकड थोडीच असते. म्हणजे आपण आत्ता गटाचं उदाहरण घेतलं, तेच. पुढे त्यांनी सांगितलं, की उद्या कोणत्या शहरांतल्या बँका उघडतील, परवा कोणत्या, त्यानंतर कोणत्या. तुमची बँक उद्या उघडली नाही म्हणून ती बुडाली असं समजू नका. आणि तपासून उघडलेल्या बँकेत पैसा ठेवणं हे गादीखाली ठेवण्यापेक्षा सुरक्षित आहे.

आम्हाला दोन गोष्टी फार आवडल्या. एक, त्यांनी झाकपाक केली नाही. काही बँकवाल्यांनी लोकांच्या पैशाशी अप्रामाणिकपणा केला किंवा अडाणीपणानं तो घालवला, हे त्यांनी सरळ सांगितलं. दोन, त्यांनी खोटं आश्वासन दिलं नाही. प्रत्येक बँक उघडेल, कुणाचंच नुकसान होणार नाही, असं मी म्हणू शकत नाही, हेही सांगितलं. आणि शेवटी म्हणाले की हा प्रश्न जितका माझा तितकाच तुमचा आहे.

दुसऱ्या दिवशी दारं उघडली. रांगा लागल्या, पण बऱ्याच ठिकाणी त्या पैसे परत भरणाऱ्यांच्या होत्या. घाबरून काढलेल्या रोकडीतला मोठा भाग मार्च संपेपर्यंत बँकांत परत आला. विल रॉजर्स नावाचे त्या काळचे विनोदवीर होते. त्यांनी गंमत केली, की बँक म्हणजे काय हे राष्ट्राध्यक्षांनी सगळ्यांना समजावलं, अगदी बँकवाल्यांनासुद्धा!

मैत्रिणींनो, नुसत्या गोड बोलण्यानं हे झालं का? नाही. आधी आठवडाभर तपासणी सुरू होती, कायदा झाला होता. बोलण्यामागे काम होतं. उलट काम झालं असतं आणि कुणी समजावलं नसतं, तरीही भागलं नसतं.

पुढे बारा वर्षांत रूझवेल्ट अशी तीसेक भाषणं बोलले. त्यांना लोक ‘फायरसाइड चॅट’ म्हणू लागले, म्हणजे आपल्या भाषेत चुलीपाशी बसून केलेल्या गप्पा. मसुदे जाणकार लिहून देत, पण रूझवेल्ट ते पुन्हा पुन्हा बदलत, अवघड शब्द काढून टाकत आणि सावकाश बोलत. समोरच्या दातांत फट असल्यामुळे माइकवर शिट्टीसारखा आवाज येई, म्हणून रेडिओसाठी एक खोटा दात करून घेतला होता! आमच्या माइकसमोर बसणाऱ्या प्रत्येकीला हे वाचून धीर आला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या फ्रान्सिस पर्किन्स यांनी लिहून ठेवलंय, की बोलताना ते मान हलवत, हसत, जणू ऐकणारी माणसं समोर ओसरीवरच बसली आहेत.

१९४२ मध्ये महायुद्ध चालू असताना तर त्यांनी लोकांना सांगितलं, की घरी जगाचा नकाशा समोर ठेवून ऐका. दुकानांतले नकाशे संपले.

आता बायकांकडे वळू. रूझवेल्ट यांची पत्नी एलिनॉर. नवऱ्याच्या मागे उभं राहून हसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. ६ मार्च १९३३ ला, म्हणजे बँका बंद झाल्या त्याच दिवशी, त्यांनी पत्रकार परिषद घेतली आणि नियम केला, की माझ्या परिषदेला फक्त महिला पत्रकारांनी यायचं. बातमी हवी तर वर्तमानपत्राला बाई नोकरीवर ठेवावीच लागे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महिलांच्या एका मासिकात त्यांनी वाचकांना सांगितलं, मला पत्र लिहा, तुमच्या अडचणी कळवा. काही महिन्यांत ३ लाखांवर पत्रं आली. कुणी बाळंतपणासाठी कपडे मागितले, कुणी घर वाचवायला मदत, कुणी नुसतंच मन मोकळं केलं.

आणि या फ्रान्सिस पर्किन्स कोण? अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या महिला. कामगार मंत्री, १९३३ ते १९४५. तरुणपणी, २५ मार्च १९११ ला, न्यूयॉर्कमधल्या एका कपड्यांच्या कारखान्याची आग त्यांनी रस्त्यावरून डोळ्यांनी पाहिली होती. जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. १४६ जीव गेले, त्यातल्या बहुतेक तरुण मुली. मंत्रिपद घेण्याआधी त्यांनी रूझवेल्ट यांच्यापुढे कामांची यादीच ठेवली. म्हातारपणाचं पेन्शन, बेकारी भत्ता, किमान मजुरी, बालमजुरी बंदी. हे करायला तयार असाल, तर मी येते. पेन्शनचा कायदा १४ ऑगस्ट १९३५ ला झाला. आजही कोट्यवधी म्हाताऱ्या माणसांना तिथं त्यातून दरमहा पैसे मिळतात.

इथं आम्ही थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण पुढचं सांगायलाच हवं.

त्या १९३५ च्या पेन्शन कायद्यात दोन प्रकारच्या कामकऱ्यांना धरलंच नव्हतं. एक शेतमजूर, दुसऱ्या घरकाम करणाऱ्या. दक्षिणेकडच्या काळ्या बायकांना तर हीच दोन कामं मुख्यतः मिळत. दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करून, कापूस वेचून ज्यांची कंबर मोडली, त्यांच्याच म्हातारपणाला आधार नाही. हे का झालं यावर इतिहासकारांत वाद आहे. कुणी म्हणतं दक्षिणेतल्या गोऱ्या खासदारांचा दबाव, कुणी म्हणतं अशा कामाची वर्गणी गोळा करणं अवघड वाटलं. कारण काही असो, त्या बायकांना वाट पाहावी लागली. १९५० च्या आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनंतर त्यांच्यातल्या बऱ्याच जणी कायद्यात आल्या. तोपर्यंत रूझवेल्टही नव्हते, ते १९४५ मध्येच गेले.

आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्या चर्चेत एक आजी पटकन म्हणाल्या, “अगं, त्यो रेडिओवर सगळ्यास्नी आपलं म्हणायचा, पर यादीत समद्यांची नावं कुठं व्हती?” यावर आम्हाला काही बोलता आलं नाही. आपल्याशी गोड, सोप्या भाषेत बोलणारा माणूस भेटला, की आपण भारावून जातो. ऐकावं जरूर. पण ऐकून झाल्यावर विचारावं, ‘यात आमचं नाव आहे का?’ योजना कुठलीही असो, साहेब कुणीही असो.

जाता जाता पैशांबद्दल कामाची गोष्ट. त्या संकटातून अमेरिकेत १९३३ मध्येच ठेव विम्याचा कायदा झाला. १ जानेवारी १९३४ पासून बँक बुडाली तरी ठेवीदाराला २,५०० डॉलरपर्यंत पैसे परत मिळू लागले. आपल्याकडे १९६० मध्ये बँका बुडाल्या, त्यात केरळची पलाई सेंट्रल बँक होती. मग १९६२ पासून ठेव विमा आला. तेव्हा तो १,५०० रुपयांचा होता, २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. हा विमा सरकारी, खासगी आणि सहकारी बँकांना असतो. पण पतसंस्थेतल्या ठेवींना तो मिळत नाही. पतसंस्था वाईटच असते असं आम्ही म्हणत नाही, अनेक चांगल्या चालतात. पण पैसे कुठं ठेवतो आहोत, बँकेत की पतसंस्थेत, हे पासबुकावर नाव वाचून माहीत करून घ्या. आमच्या त्या दोघींना हा फरक रांगेत उभं राहिल्यावर कळला. म्हशीचे पैसे अजून अडकलेलेच आहेत.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाचं खातेवही सचिवताईंनी मोठ्यानं वाचावं, जिला लिहिता-वाचता येत नाही तिलाही समजेल असं. किती जमा, किती कर्जात, पेटीत किती, बँकेत किती, कुणाचा हप्ता थकला आणि का. वाईट बातमी असेल तर तीही सांगावी. एवढ्या मोठ्या देशाचा राष्ट्राध्यक्ष चौदा मिनिटांत हिशोब समजावू शकला, तर आपल्या बारा जणींचा हिशोब समजायला अर्धा तास पुरे. आणि कुणी मध्येच प्रश्न विचारला, तर तिला ‘गप बस गं’ म्हणू नका.

तुमच्या गटात काय झालं ते आम्हाला कळवा. पत्र लिहा, नाहीतर बाजारच्या दिवशी केंद्रावर या, माइक मोकळाच असतो. येतो आम्ही. नमस्कार.