जुन्या संगणकाच्या तबकडीची परीक्षा



१ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षींच्या ऑगस्ट महिन्यांत आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणिला. या दोन घटनांचा परस्परांशीं संबंध नाहीं. परंतु जिल्ह्याचें आणि त्या जातीच्या यंत्राचें वय एकच, एवढें खरें. त्यापुढील वीस-पंचवीस वर्षांत कचेऱ्यांतून, छापखान्यांतून व घरांतून जें लेखन संगणकावर झालें, त्यांतील पुष्कळसें फ्लॉपी नांवाच्या पातळ तबकडीवर सांठविलें गेलें. कोणाच्या कपाटांत आजोबांचें आत्मवृत्त असेल, कोणाच्या पेटींत एखाद्या संस्थेचा इतिहास असेल. तें वाचावयाचें तर जुना संगणक दुरुस्त करावा लागतो. आणि येथेंच उतावळेपणा घात करितो.

या तबकडीवर लोखंडाच्या संयुगाचा लेप असतो. ३६० किलोबाइटच्या ड्राइव्हांत सव्वापांच इंची तबकडी मिनिटाला ३०० फेरे घेते, आणि वाचणारें हेड तिला प्रत्यक्ष घांसून चालतें. ३६० किलोबाइटच्या तबकडीच्या प्रत्येक बाजूस ४० वर्तुळें, दर वर्तुळांत ९ खंड व दर खंडांत ५१२ बाइट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ३,६८,६४० बाइट होतात. हेडावर धुळीचा खडा असेल, तर तो या लेपावर ओरखडा काढतो व तेथील अक्षरें कायमचीं जातात. म्हणून मोलाची तबकडी यंत्रांत प्रथम कधींही घालूं नये. परीक्षा आधीं यंत्राची व्हावी.

प्रथम वीजपुरवठा मीटरनें मोजावा. सव्वापांच इंची ड्राइव्हला पांच व बारा व्होल्ट लागतात. जुने कपॅसिटर बिघडून दाब वाढला, तर ड्राइव्ह जळूं शकतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेल्या कापसानें हेड हलक्या हातानें पुसावें व सुकूं द्यावें. पट्ट्यावर चालणारा ड्राइव्ह असेल, तर पट्टा सैल झाला आहे काय, तें पाहावें. पुष्कळ ड्राइव्हांच्या फिरत्या चाकावर काळ्या रेघांचें एक कडें असतें. आपली वीज पन्नास आवर्तनांची असल्यामुळें साधी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदास शंभर वेळां लुकलुकते. चाक सेकंदास पांच फेरे घेत असेल, तर पन्नास आवर्तनांसाठीं आंखलेल्या कड्याच्या वीस रेघा त्या उजेडांत स्थिर दिसतात. रेघा सरकूं लागल्या, तर वेग चुकला असें समजावें.

आतां एका टाकाऊ तबकडीवर लिहून वाचून पाहावें. पण एवढ्यानें समाधान मानूं नये. हेड मूळ जागेपासून किंचित् सरकलें असेल, तर ड्राइव्ह स्वतःचें लेखन बिनचूक वाचतो, दुसऱ्याचें मात्र वाचूं शकत नाहीं. गिचमिड अक्षर काढणारास आपलें अक्षर लागतें, तसाच हा प्रकार. तेव्हां दुसऱ्या यंत्रावर लिहिलेली, गेली तरी चालेल अशी तबकडी वाचून पाहणें हीच खरी कसोटी होय.

मोलाच्या तबकडीची पाळी यानंतर. मराठवाड्याच्या कोरड्या मुलखांत धूळ फार, आणि पावसाळ्यांत बंद कपाटांत बुरशी धरते. तबकडीवर पांढुरके डाग दिसले, तर ती फिरवूं नये. बुरशी हेडास लागून पुढच्या तबकड्यांसही अपाय होतो. सव्वापांच इंचीची खांच चिकटपट्टीनें झांकावी. साडेतीन इंचीचें भोंक उघडें ठेवावें. असें केल्यानें तिच्यावर चुकून कांहीं लिहिलें जात नाहीं. मग सर्वप्रथम संपूर्ण तबकडीची नक्कल घ्यावी, व पुढील खटपट नकलेवर करावी.

मराठी लेखनाची आणखी एक अडचण आहे. १९९१ सालीं इस्की ही लिपिसंहिता भारतीय मानक म्हणून मान्य झाली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या जिस्ट तंत्रांत ती वापरली जाई. तींतील मजकूर आजच्या युनिकोडांत आणणें तुलनेनें सोपें आहे. परंतु छापखान्यांतील पुष्कळ मजकूर विशिष्ट फाँटच्याच खुणांत बांधलेला असतो. तो फाँट हरवला, तर अक्षरें हातीं येऊनही वाचतां येत नाहींत. यास्तव तबकडीबरोबर असलेले फाँट व चिठ्ठ्या टाकून देऊं नयेत.

सोनी कंपनीनें २०११ सालीं फ्लॉपीची विक्री थांबविली. जुना लेप दरवर्षीं अधिक जीर्ण होत आहे. तेव्हां घाई करूं नये हें जितकें खरें, तितकेंच विलंबही करूं नये हेंही खरें.