उसने जुनेपण



संगणकावरचे खेळ हा काय वसंत व्याख्यानमालेचा विषय झाला, अशी शंका पुष्कळांना आली असेल. आम्ही कामगार चळवळीतले. शाळा लवकर सुटली, पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत झाले. त्यामुळे कोणतीही वस्तू पुढे आली की ती कोणी केली आणि करणाराच्या हातात काय पडले, हे आम्ही आधी विचारतो. हे खेळही माणसेच करतात.

मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून दोघाचौघांनी केलेल्या खेळांपैकी फार खेळ आता एकाच वळणाचे दिसतात. चित्रे मुद्दाम चौकोनी ठिपक्यांची, रंग मोजके, आवाज जुन्या यंत्राचा. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आमच्या आयाबहिणींना यात नवल नाही. मॅटीच्या कापडावर टाके मोजून जो मोर निघतो, तो याच जातीचा.

हे वळण मुळात अडचणीतून निघाले. १९८१ साली जपानात शिगेरू मियामोतो यांनी मारिओ हा गडी रंगवला. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड दिसेना, म्हणून नाकाखाली मिशी दिली. केस साधेनात, म्हणून टोपी घातली. १९८३ साली निन्तेंदोचे घरगुती खेळयंत्र आले, त्यातही हलत्या चित्राच्या एका तुकड्याला रंग तीनच मिळत. शिवाय ही चित्रे फुगीर काचेच्या टीव्हीवर दिसत. तेथे ठिपक्यांच्या कडा एकमेकींत मिसळून चित्र मऊ होई. आज सपाट पडद्यावर जे धारदार चौकोन ‘जुने’ म्हणून दाखवतात, तसे ते त्या काळी घरोघरी कोणी पाहिलेच नव्हते!

रिद्धपुरात हे सांगणे सोपे जावे. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिले-ऐकले, त्यांच्याकडून म्हाइंभटांनी आठवणी मिळवल्या आणि लीळाचरित्र आपल्या काळच्या बोलत्या मराठीत लिहिले. त्यांना ती भाषा जुनी नव्हती. आज कोणी आपल्या कथेत जागोजाग ‘म्हणीतलें’ पेरू लागला, तर शाळकरी पोरही हसेल.

सरसकट निंदा आम्हांला करायची नाही. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ खपून ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ २०१६ साली काढला. चित्रे, संगीत, लेखन, सारे एकट्याचे. एका हाताला पेलेल तेवढेच त्याने घेतले, म्हणून तेथे ठिपके शोभतात. पुढे अनेकांनी त्याचे ठिपके उचलले. चार वर्षे कोणी उचलली नाहीत.

ठिपक्यांचे चित्र स्वस्तात होते, ही समजूत तर साफ खोटी. चालणारा एक गडी घ्या. चार दिशा, दर दिशेला आठ चित्रे, म्हणजे बत्तीस. उजवीकडचे चित्र उलटवून डावीकडे चालवावे, तर गड्याच्या हातातली काठी हात बदलते!

आपल्या वऱ्हाडातला एक मुलगा पुण्यात हेच काम करतो, चित्रागणिक पैशावर. दर वाढवून मागितला, तर मालक म्हणाले, “ठिपकेच तर आहेत.” खेळ शेतीचा. मुलाने आंबिया बहराची संत्र्याची बाग घातली. फळ हिरव्याचे पिवळे, पिवळ्याचे केशरी कसे होते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले. पण सगळे सोळा रंगांत बसवा, असा हुकूम झाला. हे बंधन कोणत्या यंत्राने घातले? आजचे यंत्र लाखो रंग दाखवते. आणि ही जुनी आठवण तरी कोणाची? त्या मुलाच्या लहानपणी घरात होता तो नोकियाचा फोन आणि त्यातला साप, ८४ ठिपके रुंद, ४८ उंच पडद्यावर वळवळणारा. आमच्या पिढीलाही मिळाली ती टीव्हीला जोडायची नकली यंत्रे आणि त्यांच्या कॅसेटी.

दुसरी वाट नाही असे नव्हे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने २०२० साली ‘राजी’ काढला, तेव्हा गोष्ट सांगायला छायाबाहुल्या घेतल्या. त्या आवडोत वा न आवडोत, निवड त्यांची होती.

त्या मुलाने बागेची दोन्ही चित्रे आम्हांला दाखवली. सोळा रंगांतल्या चित्रात कच्चे फळ आणि पान एकाच हिरव्यात गेले आहे; तोडायचे कोणते, ते खेळणाराला कळत नाही. मालकांनी तेच चित्र पसंत केले असून त्याचे पैसे अजून दिलेले नाहीत.