झाडातले औषध आणि आठ महिने
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मी औषधशास्त्रावर बोलावे याचे तुम्हांला नवल वाटेल. पण विषय पोटाचा आहे, आणि घरातल्या पोटांची काळजी आपणच वाहतो. शास्त्रातले जे सांगणार आहे ते अकोल्याला शिकणाऱ्या माझ्या लेकीने मला समजावून दिले आहे.

झाडपाल्यात औषध असते, असे आपण म्हणतो. ते खोटे नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी पुढे अमेरिकेत गेले. तेथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी चीन देशातल्या एका झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य १९६६ साली वेगळे काढले. कर्करोगाची वाढ ते रोखते, असे दिसले. पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही तेच द्रव्य सापडले.

मग लगेच रोगी बरे झाले काय? नाही. १९७० नंतर रोग्यांना ते देऊन पाहिले, तर जुलाब लागले, लघवीतून रक्त जाऊ लागले. ते प्रयोग थांबवावे लागले. पुढे १९८५ साली त्याचे वर्म कळले. पेशीची वाढ होताना तिच्यातल्या सूत्राचा पीळ सोडवावा लागतो. तो सोडवणारे जे द्रव्य पेशीत असते, त्यालाच हे औषध अडकवून ठेवते. रिळाचा दोरा गुंतला की शिवण थांबते, तसेच हे. त्यात फेरफार करून जपानी शास्त्रज्ञांनी इरिनोटेकान तयार केले, आणि १९९६ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ते मान्य झाले. झाडापासून सलाईनपर्यंत यायला तीस वर्षे लागली! आधी काचेतल्या पेशींवर, मग उंदरांवर, मग थोड्या रोग्यांवर, मग पुष्कळ रोग्यांवर, अशी ही पारख असते. आपल्या हळदीतल्या द्रव्याचीही अशीच पारख चालू आहे. काचेत ते पेशींची वाढ रोखते, पण पोटात घेतले तर रक्तात फारच थोडे उतरते. म्हणून हळद भाजीत घाला, पण तिला कर्करोगाचे औषध समजू नका.

आता घरची गोष्ट सांगते. माझ्या अकोल्याच्या नणंदेला शौचावाटे रक्त पडे. लाजेने ती बोलली नाही. मूळव्याध असेल असे समजून तिने एका झाडपालेवाल्याचा काढा आठ महिने घेतला. रक्त मधूनच थांबे, की तिला वाटे गुण आला. पुढे अंगातले रक्त इतके आटले की जिना चढवेना. तेव्हा नळी घालून तपासले. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, आणि तो यकृतापर्यंत पोचला होता. तिला जी औषधे सलाईनमधून दिली, त्यांत इरिनोटेकान होते. म्हणजे झाडातलेच औषध, भगिनींनो! त्याने तिला दोन वर्षे दिली. धाकट्या लेकीचे लग्न तिने डोळ्यांनी पाहिले. मग ती गेली. औषध खरे होते, पण आधीचे आठ महिने काढ्याने नेले.

हा रोग लवकर सापडला तर पुष्कळदा नुसत्या शस्त्रक्रियेने बरा होतो. म्हणून शौचावाटे रक्त पडत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, वजन उतरत असेल, उगाच थकवा येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मूळव्याधच असेल तर ते तसे सांगतील. आईबापांना किंवा भावाबहिणींना हा रोग झालेला असेल, तर तेही त्यांना आवर्जून सांगा. आणि कोणताही काढा घेत असाल तर लपवू नका.

चारचौघींत शौचाची गोष्ट कशी काढावी, असे वाटते. ती मी आज सर्वांसमोर काढली आहे. यापुढे जिला एकटीला दवाखान्यात जायचा संकोच वाटेल तिने मंडळात कोणाही एकीच्या कानात सांगावे. आम्ही बरोबर येऊ. हे काम मंडळाने हाती घ्यावे, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द पुरे करते.