पिकअपला पाटा वाढवण्याआधी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायला इथं पुष्कळ जण आहेत. मी बोलणार आहे तो भाव हातात पडायच्या आधीच खिशातून जाणाऱ्या एका खर्चावर. शेतातला माल गावात आणि गावातून जिनिंगवर नेणारी पिकअप, आणि तिच्या खालचे पाटे व शॉक. विषय गॅरेजचा वाटेल. पण गाडी मोडली की तो खर्च क्विंटलमागच्या भाड्यातच येऊन बसतो, मग गाडी आपली असो की भाड्याची.

१९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, तेव्हा केंद्रांसमोर बैलगाड्यांच्या रांगा लागत. बैलगाडीला शॉक नव्हते आणि तिच्या चालीला ते लागतही नव्हते. मग पिकअप आल्या, २००५ साली छोटा हत्ती आला. गाडी बदलली, पांदण तीच राहिली. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हानं आकसून भेगाळते. पावसाळ्यात पडलेली चाकोरी दिवाळीनंतर वाळून दगडासारखी होते आणि नेमकी तेव्हाच आपली वेचणी जोरात असते.

अशा वाटेवर गाडी आपटते म्हणून मालक गॅरेजात जातो. तिथं एकच औषध ठरलेलं : दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवा. घाई करू नका, आधी गाडीच्या खाली वाकून बघा.

पाट्याचं काम ओझं तोलायचं. शॉक ओझं तोलत नाही. त्याचं काम वेगळंच आहे. खड्ड्यात पाटा दबला की तो उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. ही उसळी शॉक जिरवतो. त्याच्या नळकांड्यात तेल असतं आणि तेलातून बारीक छिद्रांचा दट्ट्या वरखाली होतो. छिद्रांतून तेल ढकलताना उसळीचा जोर खर्ची पडतो, त्याची उष्णता होते. तेल गळालं किंवा झडपा झिजल्या की दट्ट्या मोकळा फिरतो आणि गाडी चेंडूसारखी उडते. मालकाला वाटतं पाटे कमजोर झाले. गेलेला असतो शॉक.

आता पाट्याचं गणित ऐका. पाच सारख्या पाट्यांत तसाच पूर्ण लांबीचा सहावा घातला, तर ताठपणा साधारण पाचव्या हिश्शानं वाढतो. एवढ्यावर भागलं असतं. पण घातला जातो जाड पाटा. पाट्याची जाडी दुप्पट केली की त्याचा ताठपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. भरलेली गाडी मग बसत नाही, खरं आहे. पण आपली गाडी शेताकडे जाते ती रिकामी. रिकाम्या गाडीखाली तो पाटा दबतच नाही, प्रत्येक दणका थेट चासीला बसतो. शिवाय पाटा ताठ आणि शॉक जुनाच, म्हणजे वाढलेली उसळी आवरायचं काम त्याच्याच माथी. तो आणखी लवकर मरतो. आणि सकाळी त्या रिकाम्या गाडीच्या हौद्यात वेचणीच्या बाया उभ्या असतात. मालाच्या गाडीत माणसं नेणं कायद्याला मान्य नाही, आणि गावोगाव ते चालतं, दोन्ही आपल्याला ठाऊक आहे. नेऊच नका हे पहिलं. तो ताठ पाटा कुणाच्या पाठीच्या मणक्यात उतरतो, तेवढं मात्र मालकानं डोळ्यासमोर आणावं.

ज्वारीची पोती जड असतात, पण हौद्यात तळाशी बसतात. कापूस हलका, म्हणून आपण तो केबिनच्या वर चढवतो. वजन भरण्याआधी उंची भरते. अशा गाडीचा धोका दबण्याचा नाही, डुलण्याचा आहे. त्यावर उपाय चांगले शॉक आणि घट्ट आवळलेला माल. हल्ली शौकीन पोरं पाट्याखाली ठोकळे घालून गाडी उंच करतात. कापसाच्या गाडीला हे करणं म्हणजे ती आडवी पाडायची तयारी. त्यानं वाटेत अडकणारा मागचा डिफरन्शिअलचा गोळा एक बोटही वर जात नाही. तो चाकाच्या आसाबरोबर असतो, टायर मोठा केला तरच उचलतो. उलट पुष्कळ पिकअपना मागे बोजा ओळखणारा ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. हौदा उंच झाला की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक तो कमी देतो. उतारावर हे कळलं तर फार उशीर झालेला असतो.

मग करायचं काय? खराब वाटेनं चार-सहा किलोमीटर चालवून या आणि मागच्या दोन्ही शॉकना सांभाळून हात लावा. एक कोमट, एक गार असेल तर गार तो काम करत नाही. अंगावरून तेल ओघळलंय का, टायर जागोजागी खळगे पडून खातोय का, ते बघा. बदलायचे तर एका आसाचे दोन्ही एकदम. रोज पांदणीत चालणाऱ्या गाडीला नायट्रोजन भरलेले शॉक घेणं परवडतं. सततच्या दणक्यांत तेलाला फेस येऊन शॉक सुस्त पडतो, ते वायूच्या दाबानं कमी होतं. रबरी बुश बदलले तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा, जॅकवर नव्हे, नाहीतर रबर पिळून लवकर फाटतं. यू बोल्ट नवे घातले की काही शे किलोमीटरनंतर परत आवळायचे. ते ढिले राहिले की पाटा मधोमध तुटतो आणि दोष लोखंडाला लागतो. पाट्यांवर जळकं ऑइल ओतायची आपल्याकडे रीत आहे. ते बुशाच्या रबरावर आणि ब्रेकच्या ड्रमवर जाऊ देऊ नका.

खरोखर जड माल न्यायचाच असेल तर ओझं पडल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा बसवावा. रिकाम्या गाडीला तो आड येत नाही. पण पाटा वाढवला म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड कायद्यात आहे. एवढ्यात शॉकचे किती जोड येतील?

राहिली वाट. पांदणीसाठी सरकारनं २०२१ साली मातोश्रींच्या नावानं योजना काढली. अडवलेली वाट मोकळी करून मागायला १९०६ चा मामलेदार न्यायालयाचा कायदा आहे. नुसतं ओरडून चालणार नाही, हिशेब घेऊन जाऊ. तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीला गावाच्या एकेका पांदणीचा कागद आणावा : किती महिने बंद असते, चिखलात क्विंटलला भाडं किती आणि कोरड्यात किती, हंगामात किती पाटे आणि शॉक गेले. गॅरेजच्या पावत्या फाडू नका, कागदाला जोडून आणा.