बाळाचे कान वेळीच पारखा

(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु विद्येचा आरंभ शाळेत होत नाही. तो कानापासून होतो. आयुष्य शिक्षकी पेशात गेल्यामुळे आम्ही हे खात्रीने सांगतो की, जे कानी पडत नाही ते जिभेवर येत नाही.

मूल दोन वर्षांचे होऊनही बोलेना, तर आपल्या खानदेशातील आजीबाई म्हणतात, "त्याना बाप बी उशिरा बोलना व्हता." मग पाठीमागे थाळी वाजवतात, मूल वळते आणि घर निश्चिंत होते. पण ते आवाजानेच वळले कशावरून? थाळीचा हादरा, हाताची सावली, आईची नजर, एवढ्यानेही मूल वळते. शिवाय थाळी ऐकणाऱ्यास बोलणे ऐकू येईलच असे नाही.

अंतःकर्णात शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची पोकळी असते. काही बालकांत तिची घडण गर्भातच अपुरी राहते. इटलीतील मोंदिनी या शरीरशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये एका बहिऱ्या मुलाच्या कानाचे वर्णन केले. त्यात वेढे दीडच होते. असा कान बाहेरून निर्दोष दिसतो. तेथे तेल घालून किंवा मळ काढून काय होणार?

यासाठी मुलाने 'होय' वा 'नाही' म्हणण्याची गरज नसलेल्या दोन परीक्षा आहेत. निरोगी अंतःकर्ण स्वतःही अतिसूक्ष्म ध्वनी बाहेर टाकतो, हे इंग्लंडमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. कानात लहानसे बोंडूक बसवून तो टिपतात. दुसरी परीक्षा 'बेरा'. निजलेल्या बाळाच्या कपाळावर व कानामागे तारांच्या चकत्या चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूच्या बुडापर्यंत पोहोचणारे विद्युत्तरंग यंत्रावर उमटतात. सुई टोचावी लागत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. ऐकण्याची नस बारीक किंवा अजिबात नसेल, तर पहिली परीक्षा चांगली येऊनही दुसरी नापास होते. म्हणून एकाच कागदावर विसंबू नये. दोष आढळल्यास सी.टी. स्कॅन व एम.आर.आय. काढून आतील घडण आणि नस पाहतात. श्रवणयंत्र, शस्त्रक्रियेने बसवायचे कृत्रिम कर्णयंत्र की खुणांची भाषा, हे त्यावर ठरते. आणखी एक गोष्ट : अंतःकर्णातील एक नलिका रुंद असलेल्या काही मुलांची श्रवणशक्ती डोक्यास मार लागल्याने एकाएकी खालावते. तेव्हा मुलांच्या डोक्यात टपली मारण्याची खोड घरी व शाळेत सोडलीच पाहिजे.

पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. घरात एक मूल बहिरे असेल किंवा आईबाप जवळच्या नात्यातील असतील, तर पुढच्या बाळाची परीक्षा टाळूच नये. धुळे व जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. प्रथम तेथील कान-नाक-घसा विभागात विचारावे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्यास वाहिलेली आहे.

कार्यकारी मंडळास आमची एकच विनंती. बक्षिसांच्या निधीतून दरवर्षी थोडी रक्कम गरीब बालकांच्या या तपासणीच्या प्रवासखर्चासाठी राखून ठेवावी. सत्कारास येणारा उद्याचा विद्यार्थी त्यातूनच घडेल.