‘वयाच्या मानाने’
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



गेल्या दिवाळीत शाळेतून फोन आला. सातवीतल्या एका मुलीने अख्खी साहसकथा लिहिली होती. दोनशेपानी वही, निळी शाई. मेळाव्यात तिला बक्षीस द्यावं का, हे मी वाचून सांगावं, असं बाईंचं म्हणणं. जन्मभर मराठी शिकवलं, म्हणून ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

वही एका बैठकीत वाचली आणि अभिप्रायाचं पहिलं वाक्य लिहिलं : ‘वयाच्या मानाने लेखन उत्तम आहे.’ लिहिलं आणि तिथेच अडकलो. कारण हे वाक्य वही न उघडताही लिहिता आलं असतं. परंपरेने ज्ञानेश्वरीचं वर्ष १२९० मानतात. तेव्हा ज्ञानेश्वर विशीतही नव्हते. म्हणून काही आपण ती ‘वयाच्या मानाने बरी’ असं म्हणत वाचत नाही.

इंग्रजीतली दोन उदाहरणं आठवली. डेझी ॲशफर्ड या मुलीने १८९० मध्ये, नवव्या वर्षी एक कादंबरी लिहिली. ती १९१९ मध्ये छापली, तिच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. जे. एम. बॅरी यांची प्रस्तावना होती. पुस्तक गाजलं, पण मोठी माणसं त्यातल्या निरागस चुकांना हसत होती. दुसरं उदाहरण कॅथरीन हल आणि पामेला व्हिटलॉक या दोन शाळकरी मुलींचं. त्यांनी घोड्यांवरून भटकणाऱ्या मुलांची साहसकथा लिहिली आणि थेट आपल्या आवडत्या लेखकाला, आर्थर रॅन्सम यांना पाठवली. रॅन्सम यांनी ती प्रकाशकाकडे नेली आणि १९३७ मध्ये ती मुलांसाठीचं पुस्तक म्हणून बाजारात आली. पहिल्या पुस्तकाचं कौतुक झालं. दुसरं मुलांनी वाचलं. परीक्षकाने यातलं काय करायचं, ते मला तिथे कळलं.

मी वही पुन्हा काढली, या वेळी लाल पेन घेऊन.

गोष्ट अशी : १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला, तेव्हा किल्लेदार बेनीसिंगाने खजिना दडवला. आता अचलपूरचे तीन पोरं तो शोधायला निघतात. गडावर भुयार, गालावर व्रण असलेला चोर, पाठलाग. खरं सांगतो, हा भाग पोकळ आहे. नायकाची सायकल आणि त्याचा ‘ट्टॉक्’ सरळ भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेकडून उसना आलाय. पोरं गडावरून तासाभरात पायी परतवाड्याला पोचतात. चिखलदऱ्याचा घाट ज्याने पाहिलाय तो हसेल.

पण मध्ये अकरा पानं अशी आहेत की मी लाल पेन खाली ठेवला. पोरं चोरापासून लपायला शकुंतलेच्या बंद स्टेशनात शिरतात. रुळांवर वाढलेली बाभळ, फलाटावर बांधलेली बकरी, धाकट्याच्या तुटलेल्या चपलेला सुतळी बांधणारी बहीण. धाकटा विचारतो, गाडी आली तर? बहीण म्हणते, आली तर बरंच होईल. मूर्तिजापूरहून त्या गाडीने आलेल्या आपल्यापैकी कोणाला हे लिहिता आलं असतं?

मी मुलीला भेटलो. आई सोबत होती. दोन्ही गोष्टी सांगितल्या. स्टेशन खरं आहे, गड खोटा आहे. तिचा चेहरा उतरला. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पोरीच्या ताटातली पुरणपोळी उचलली. मग मुलगी म्हणाली, “सर, मले गडावर कोनी नेलंच नाई.”

मित्रांनो, माझ्या सगळ्या परीक्षणाचं परीक्षण त्या एका वाक्यात झालं. गाव गडाच्या पायथ्याशी, आणि सातवीपर्यंत पोरीने गड पाहिला नाही. स्टेशन तिच्या घरामागे होतं, म्हणून ते खरं उतरलं. तिची उणीव प्रतिभेची नव्हती. कोणीतरी एक दिवस काढायचा होता, तो आपण काढला नाही.

तेव्हा माझा निकाल ऐका. बक्षीस द्यावं, पण त्या अकरा पानांसाठी, आणि प्रमाणपत्रावर तसं स्पष्ट लिहून. तिचं वय लिहू नये. तिने स्वतःच मला बजावलंय, “वय नका लिहू, सर. मग लोक पुस्तक नाई वाचत, वयच वाचतेत.”

आणि दुसरं, या मेळाव्याच्या शिल्लक निधीतून एक गाडी करावी. तिला आणि तिच्या वर्गाला थंडीत गाविलगडावर न्यावं. मी सोबत येतो. गुडघे कुरकुरतील, पण येतो. तिने गडाचं प्रकरण पुन्हा लिहायचं कबूल केलंय. वही माझ्याकडेच येणार आहे आणि लाल पेन मी जपून ठेवलाय.